सुरुवात करण्यासाठी भाड्याची खुर्ची: नंदनवनमधील एका अभ्यासिकेचा सात महिन्यांचा अनुभव

नागपूरच्या नंदनवन परिसरातील ज्या अभ्यासिकेत मी गेले सात महिने जात आहे, तिच्याविषयी लिहिण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते: मी स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी नाही. माझे वय ३८ आहे, इतवारी आणि गांधीबागेतील १९ लहान व्यापाऱ्यांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रे मी सांभाळते, आणि दोन वर्षांपूर्वी मला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणे आणि ठरवलेले काम हाती घेणे अवघड करणारी अवस्था, असल्याचे निदान झाले आहे. त्यामुळे या अभ्यासिकेला मी एकच कसोटी लावणार आहे: तिथे जाऊन बसल्यावर काम सुरू होते का? शांतता किती, एसी कसा, खुर्ची कशी, हे प्रश्नही महत्त्वाचे आहेत आणि त्यांच्याकडे मी येणारच आहे. परंतु ज्याचे घोडे कामाच्या उंबरठ्यावरच अडते, त्याच्यासाठी बाकी सगळे त्यानंतरचे. उत्तर आधीच देते. होते. रोज नाही, पण घरी जितके दिवस होत असे, त्यापेक्षा कितीतरी अधिक दिवस होते.

अभ्यासिकेचे नाव मी देत नाही. पुढे तिच्या काही उणिवाही सांगायच्या आहेत, आणि ज्या काकांनी निवृत्तीनंतर आपल्या घराच्या पहिल्या मजल्यावर ती सुरू केली, त्यांच्या पोटावर पाय यावा अशी माझी इच्छा नाही. शिवाय नंदनवन, सक्करदरा, मानेवाडा, महाल, अशी नागपुरातील कोणतीही वस्ती घ्या. दोन गल्ल्या सोडून एक अभ्यासिका सापडतेच, आणि प्लायवूडचे कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक दिवा आणि एक प्लग, कोपऱ्यात आरओचे पाणी, जिन्याखाली चपलांचा ढीग ही रचना सगळीकडे जवळजवळ सारखीच असते. मी एका जागेविषयी लिहीत असले, तरी वाचणाऱ्याला आपल्या घराजवळच्या जागेत ते ताडून पाहता येईल.

आधी घरची परिस्थिती सांगायला हवी. जीएसटीच्या कामाचे वेळापत्रक पक्के असते. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याच्या विक्रीचा तपशील पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जातो, खरेदीवरील कराचा तपशील दाखवणारे २बी १४ तारखेला पोर्टलवर येते, आणि ३बी हे महिन्याचे विवरणपत्र भरून कर जमा करण्याची मुदत २० तारखेला संपते. म्हणजे खरेदीची बिले २बीशी जुळवण्यासाठी हाताशी सहा दिवस असतात. हे काम मला उत्तम येते. जुलै २०१७ मध्ये जीएसटी लागू झाला तेव्हापासून मी तेच करते आहे. तरीही १५ तारखेला सकाळी दहा वाजता टेबलावर बिलांचा गठ्ठा असे, लॅपटॉप सुरू असे, पहिले बिल कोणाचे तेही समोर दिसत असे, आणि हात पुढे जात नसे. मी उठून कूलरमध्ये पाणी भरत असे. परत येऊन बसत असे. डाळ भिजत घातली आहे का ते पाहून येत असे. दुपारचे दोन वाजेपर्यंत छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटू लागे, आणि जितका उशीर होई तितके ते बिल अधिक जड होत जाई. मग १९ तारखेच्या रात्री, आता मार्गच उरला नाही असे झाल्यावर, तेच काम पहाटे चारपर्यंत सलग बसून पूर्ण होई. दोनदा तेही झाले नाही. उशिराच्या विवरणपत्राला दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज लागते. दोन्ही वेळा ते पैसे मी माझ्या खिशातून भरले, कारण चूक व्यापाऱ्याची नव्हती.

याला आळस म्हणतात असे मी जवळजवळ पस्तीस वर्षे ऐकत आले. माझे माहेर महालातले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघाली, की आई हात जोडून ‘ईडा-पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत असे, आणि त्याच दमात ‘माझ्या पोरीचा आळसही घेऊन जा’ अशी भर घालत असे. तिने ते मायेनेच म्हटले. तिला याहून वेगळा शब्द माहीत नव्हता, मलाही नव्हता. पण आळशी माणूस काम टाळून निवांत पडतो. मी काम टाळत असताना एक मिनिटही निवांत नसे. निदान करताना डॉक्टरांनी शाळेची जुनी प्रगतिपुस्तके आणायला सांगितली होती, कारण २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानाच्या निकषांप्रमाणे काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वीपासून असावी लागतात. आईने ती ट्रंकेतून शोधून दिली. तिसरीपासून सातवीपर्यंत पाच वेगवेगळ्या बाईंनी जवळजवळ एकच शेरा लिहिला होता: हुशार आहे, लक्ष देत नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी अनेक वर्षे मांडलेला एक मुद्दा मला या सगळ्याच्या मुळाशी जाणारा वाटतो. एडीएचडीमध्ये अडचण ज्ञानाची नसते. जे ठाऊक आहे ते योग्य वेळी, योग्य जागी करण्याची असते. आपल्याकडे यासाठी ‘कळते पण वळत नाही’ असे म्हटले जाते, पण ते दोष देण्यासाठी. निदानानंतर मला ते वाक्य प्रथमच एका अवस्थेचे वर्णन म्हणून ऐकू आले. वळण्याची सोय आतून होत नसेल, तर ती बाहेर, जागेत आणि वस्तूंत करावी लागते, हे त्यातूनच निघते. अभ्यासिकेकडे मी वळले ती या विचाराने.

आता जागेकडे येते. एकूण ४२ आसने आहेत, त्यांपैकी १४ मुलींसाठी वेगळ्या खोलीत. वेळ सकाळी सहा ते रात्री अकरा. कोणत्याही मोकळ्या आसनाचे शुल्क महिन्याला ९०० रुपये आणि राखीव आसनाचे १२००. लॉकरचे १०० वेगळे. मी पहिला महिना ९०० रुपयांत काढला आणि दुसऱ्या महिन्यापासून २७ क्रमांकाचे आसन राखीव घेतले. या ३०० रुपयांबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण हाच खर्च अनावश्यक वाटण्याची शक्यता अधिक आहे. मोकळ्या आसनाच्या पद्धतीत आत गेल्यावर कुठे बसायचे हे ठरवावे लागते: पंख्याखाली की खिडकीजवळ, त्या मुलीशेजारी की भिंतीकडे. सामान्य माणसाला हा निर्णय वाटतच नाही. माझ्यासाठी मात्र कामाआधीचा प्रत्येक निर्णय म्हणजे बाजूला घसरण्याची एक वाट असते, आणि पहिल्या महिन्यात दोन दिवस असे गेले की जागा बदलत बदलत अर्धा तास गेला आणि उरलेला दिवस त्याच्या खंतीत गेला. राखीव आसनाने तो प्रश्नच नाहीसा केला. परवडत असेल तर पहिल्याच महिन्यापासून राखीव आसन घ्यावे, असे मी स्पष्टपणे सुचवते.

पहिल्या दहा मिनिटांत नेमके काय होते ते सांगते. दारातच काका बसलेले असतात. पहिल्या दिवशी मी फोन हातात घेऊन आत निघाले, तेव्हा ते म्हणाले, “ताई, मोबाईल लॉकरमध्ये ठेवा जी, इथं सगळेच ठेवतात.” ‘सगळेच ठेवतात’ या दोन शब्दांनी जे काम केले, ते फोनचा वापर आवरण्यासाठी घेतलेल्या चार ॲपनी केले नव्हते, कारण त्या ॲपपर्यंत पोहोचण्यासाठीसुद्धा फोनच हातात घ्यावा लागतो. फोन ठेवून मी २७ क्रमांकाची खुर्ची ओढते. शेजारी २६ क्रमांकावर पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी असते. ती सकाळी मैदानावरून धावून येते, पायातल्या बुटांना लाल माती लागलेली असते, आणि बसल्या बसल्या ती प्रश्नसंच उघडून उत्तरांना खुणा करू लागते. ती माझ्याकडे पाहत नाही. आम्ही बोलतही नाही. पण तिच्या पेनाची टिकटिक सुरू झाली, की माझा हात बिलांच्या गठ्ठ्याचा रबर काढतो. रबर काढला की पहिले बिल हातात येते, आणि पहिले बिल हातात आले की दुसरे घेण्यासाठी वेगळी हिंमत लागत नाही.

यालाच हल्ली एडीएचडी असलेल्या लोकांमध्ये ‘बॉडी डबलिंग’ म्हणतात: कोणी मदत करायची नाही, देखरेखही करायची नाही, फक्त शेजारी आपले काम करत राहायचे. शब्द नवा असला तरी त्यामागचे निरीक्षण जुने आहे. मानसशास्त्रज्ञ नॉर्मन ट्रिपलेट यांनी १८९८ मध्ये सायकल शर्यतींच्या नोंदींवरून दाखवले होते की एकट्याने वेळेविरुद्ध सायकल चालवणाऱ्यापेक्षा सोबत कोणी असलेला स्वार अधिक वेगाने जातो. पुढे १९६५ मध्ये रॉबर्ट झायॉन्त्स यांनी त्यात एक महत्त्वाची बाजू जोडली: इतरांच्या उपस्थितीत सरावाचे काम चांगले होते, नवे किंवा गुंतागुंतीचे काम मात्र अनेकदा बिघडते. हा सगळा अभ्यास एडीएचडीविषयीचा नाही, हे ध्यानात ठेवायला हवे. पण अभ्यासिकेतील माझा अनुभव दोन्ही बाजूंनी त्याच्याशी जुळतो. बिले जुळवणे, बँकेच्या उताऱ्यावरून नोंदी करणे, विक्रीचा तपशील भरणे ही हाताच्या सवयीची कामे तिथे झरझर होतात. एका व्यापाऱ्याला आलेल्या नोटिशीचे उत्तर लिहायचे होते, तेव्हा मात्र तीन दिवस तिथे बसून एक परिच्छेद झाला नाही. मला अशा वेळी मोठ्याने वाचून पाहावे लागते, येरझाऱ्या घालाव्या लागतात, आणि तिथे दोन्ही शक्य नाही. ते उत्तर शेवटी मी घराच्या गच्चीवर पूर्ण केले. ज्यांचे काम मुख्यतः नव्याने विचार करण्याचे आहे, त्यांनी वर्षाचे शुल्क एकदम भरण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे.

केवळ खुर्ची भाड्याने घेऊन भागत नाही, हेही दुसऱ्याच आठवड्यात कळले. काही दिवस खुर्चीवर बसूनही मी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे पाहत राहिले. त्यावर दोन गोष्टींचा उपयोग झाला, आणि दोन्ही अभ्यासिकेच्या नाहीत, मी सोबत नेलेल्या आहेत.

पहिली म्हणजे चिठ्ठी. घरून निघण्यापूर्वी मी एका कागदावर एकच ओळ लिहिते: ‘खुर्चीत बसले की पिवळ्या फाईलमधील वरचे बिल काढून त्याचा क्रमांक टाइप करायचा.’ ‘मार्चचे काम करणे’ असे कधीही लिहीत नाही, कारण ‘मार्चचे काम’ हातात धरता येत नाही. बिल धरता येते. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९० च्या दशकात ‘अमुक झाले की तमुक करायचे’ अशा जोडीच्या योजनांवर बरेच काम केले, आणि नुसत्या निश्चयापेक्षा अशी जोडी ठरवून ठेवल्याने काम तडीस जाण्याची शक्यता वाढते, असे त्यांना दिसले. माझ्यासाठी त्यातील ‘अमुक’ नेहमी एखादी जागा किंवा वस्तू असावी लागते. ‘दहा वाजले की’ असे लिहिले तर दहा वाजून जातात आणि मला कळतही नाही.

दुसरी वस्तू म्हणजे लाल तबकडीचे टायमर घड्याळ. जितकी मिनिटे लावावीत तितका लाल भाग तबकडीवर उघडतो आणि वेळ सरत जाईल तसा तो आक्रसत जातो. एडीएचडीमध्ये वेळेचा अंदाज मुळातच कच्चा असतो. किती वेळ गेला हे आकड्यांवरून समजते, पण जाणवत नाही. आक्रसणारा लाल तुकडा जाणवतो. फ्रान्चेस्को चिरिलो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरातील टोमॅटोच्या आकाराच्या घड्याळावरून बसवलेली, २५ मिनिटे सलग काम करण्याची पोमोडोरो पद्धत प्रसिद्ध आहे, आणि मी सुरुवात तिनेच केली होती. परंतु २५ मिनिटे हा आकडाच मला सकाळी मोठा वाटतो. मी १० मिनिटे लावते. दहा मिनिटांनी उठण्याची मला मनापासून परवानगी असते, आणि बहुतेक दिवशी मी उठत नाही. अभ्यासिकेसाठी घड्याळ घेताना एक काळजी घ्यावी: त्याचा गजर बंद करता यायला हवा. माझ्या पहिल्या घड्याळाचा बंद होत नव्हता, आणि ४२ जणांच्या शांततेत तो एकदाच वाजला तेवढे पुरेसे झाले.

आता उणिवा. सर्वांत मोठी अडचण फोनची आहे, आणि वर ज्या नियमाची मी स्तुती केली त्याचीच ही दुसरी बाजू आहे. व्यापारी फोन करतात. त्यांना ओटीपी हवा असतो किंवा मला त्यांच्याकडून हवा असतो, आणि लॉकर, जिना, परत लॉकर ही फेरी झाली की लागलेली तंद्री मोडते आणि पुन्हा तोच उंबरठा समोर उभा राहतो. मी आता सगळ्यांना दुपारी एक ते दोन ही वेळ दिली आहे. १७ जण ती पाळतात. दुसरी गोष्ट लॅपटॉपची. कळफलकाच्या आवाजाबद्दल एका मुलीने तक्रार केली, ती रास्तच होती, आणि मी मऊ कळांचा वेगळा कीबोर्ड घेतला. परंतु लॅपटॉपवर काम करणाऱ्यांची एक रांग वेगळी असती, तर दोन्ही बाजूंना सुख झाले असते. खुर्च्या प्लास्टिकच्या आहेत आणि दोन तासांनंतर कंबर बोलू लागते. स्वच्छतागृह दिवसातून एकदाच साफ होते, ते पुरेसे नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा मुलींच्या खोलीतील एकच एसी अपुरा पडला, आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर फक्त दिवे आणि पंखे चालत होते. त्या पंधरा दिवसांत मी दुपारी गेलेच नाही, सकाळी सहा ते दहा गेले. पण त्यातून एक लाभ झाला: सकाळी सहाला तिथे जे असतात, ते आधीच कामाला लागलेले असतात, आणि नव्याने काम सुरू करण्यापेक्षा सुरू असलेल्या कामात शिरणे मला सोपे जाते.

धरमपेठेतील एका को-वर्किंगच्या जागेतही मी आठवडाभर बसून पाहिले होते. खुर्ची उत्तम, कॉफी उत्तम, फोनवर बोलायला वेगळी खोली; पण तिथे लोक बैठका घेतात, येतात-जातात, हसतात, आणि माझे लक्ष प्रत्येकाच्या मागे दारापर्यंत जाऊन येते. शुल्कही अभ्यासिकेच्या कित्येक पटींनी अधिक. व्हिडिओ कॉलवर अनोळखी व्यक्तीसोबत ठरलेला वेळ काम करण्याच्या सेवाही आहेत, आणि घराबाहेर पडणे ज्यांना शक्य नाही, लहान मूल किंवा आजारी माणूस घरी आहे, त्यांनी त्या जरूर वापरून पाहाव्यात. मला त्यात लॅपटॉपचा पडदा दोघांत वाटून घ्यावा लागणे जड गेले.

औषधांविषयी दोन वाक्ये आवश्यक आहेत. मी डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घेते, आणि अभ्यासिका हा त्याला पर्याय आहे असे माझे म्हणणे मुळीच नाही. औषधाने माझे लक्ष टिकते, परंतु ते कशावर टिकावे हे औषध ठरवत नाही. गोळी घेतल्यानंतर कूलरची जाळी घासायला बसले, तर दोन तास मी जाळीच मन लावून घासते. म्हणून गोळी घेतल्यानंतर अर्ध्या तासाच्या आत २७ क्रमांकावर असणे हे मी स्वतःला लावून घेतले आहे. ज्यांना हे वाचताना आपलीच हकिगत वाटली असेल, त्यांनी अभ्यासिकेचे शुल्क भरण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, आणि मिहानमधील एम्समध्ये मानसोपचार विभाग आहेत. खासगी तपासणी परवडत नाही म्हणून थांबण्याचे कारण नाही. प्रगतिपुस्तके असतील तर सोबत न्यावीत.

सात महिन्यांचा हिशेब असा आहे. ३बी सातही महिने मुदतीत गेले, त्यांपैकी पाच महिने १८ तारखेच्या आत. रात्रभर बसण्याची वेळ एकदाच आली, तीही दिवाळीच्या महिन्यात. विलंब शुल्क शून्य. अभ्यासिकेवर लॉकरसह एकूण ८८०० रुपये खर्च झाले. नऊ-दहा दिवस असे होते की मी तिथे गेले, बसले आणि काहीही न करता परत आले. त्या दिवसांना मी आता अपयश म्हणत नाही, कारण दुसऱ्या दिवशी जाण्यासाठी पुन्हा शून्यापासून तयारी करावी लागली नाही.

काकांना मी दोन गोष्टी सुचवल्या आहेत. परीक्षार्थी नसलेल्या, नोकरी किंवा व्यवसाय करणाऱ्या लोकांसाठी सकाळच्या चार तासांचे वेगळे, कमी शुल्क ठेवावे, आणि जिन्याजवळचा रिकामा कोपरा फोनवर बोलण्यासाठी बंदिस्त करून द्यावा. कोपऱ्याचे काम उन्हाळ्यापूर्वी करू असे ते म्हणाले आहेत. शुल्काचा विचार करतो म्हणाले. पुढच्या तीन महिन्यांचे पैसे मी भरले आहेत. आसन तेच, २७.